परसातला पालक, शेजारचं भंगार आणि अडीच वर्षांचा मुलगा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: कल्याणच्या पुढच्या पट्ट्यातल्या एका वाचक भगिनीचं हे पत्र. बैठं घर, मागे दोन गुंठ्यांचं परस. सासूबाई गेली पंधरा वर्षं तिथे पालक, माठ, मेथी लावतात, मोरीच्या पाण्यावर अळू वाढतं. रासायनिक खत नाही, फवारणी नाही. घरात पुरून उरलेल्या जुड्या आळीत विकल्या जातात. कुंपणापलीकडे काही वर्षांपूर्वीपर्यंत भंगारवाल्याचा गाळा होता. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडल्या जायच्या, तांब्यासाठी वायरी जाळल्या जायच्या. उन्हाळ्यात बोअर आटली की वाफ्यांना मागच्या नाल्याचं पाणी दिलं जातं. मुलगा अडीच वर्षांचा. दिवसभर मातीत असतो, माती तोंडात घालतो, आणि हल्ली चिडचिडा झालाय, पोटही साफ होत नाही. जड धातूंवरचा एक व्हिडिओ पाहिल्यापासून या ताईंची झोप उडाली आहे. नवऱ्याने कृषी विभागाकडून माती तपासून आणली, रिपोर्ट उत्तम आला, त्यामुळे त्याच्या लेखी विषय संपला. सासूबाई म्हणतात, "बाळकृष्णानंसुद्धा माती खाल्ली होती. आणि पंधरा वर्षं ही भाजी खातोय, कुणाला काय झालं?" ताईंना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. जेसीबी लावून सगळी माती उचलून पेव्हर ब्लॉक घालावेत का? ऑनलाइन मिळणारी 'शरीरातले जड धातू काढणारी' पावडर मुलाला द्यावी का? आणि सासूबाईंना हे सांगायचं कसं? दुसऱ्या बाळाचाही विचार सुरू आहे.

उत्तर:

ताई, पावडर देऊ नका आणि जेसीबीवाल्याला थांबवा. बाकीचं सावकाश बोलू.

तुमच्या पत्रात भाजीचा उल्लेख पानोपानी आहे आणि मुलगा माती खातो हे एका ओळीत येऊन जातं. मला तीच ओळ जास्त महत्त्वाची वाटली. बॅटरीच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसं असतं. ती फोडली की शिशाची पावडर आणि ॲसिड दोन्ही जमिनीवर सांडतात. हे शिसं मुळांतून पानांत फारसं चढत नाही, मातीच्या कणांना धरून वरच्या काही इंचांत बसून राहतं. भाजीत येतं ते बहुतेक पानांवर उडालेल्या मातीतून. म्हणजे शिशाच्या बाबतीत पालकाच्या जुडीपेक्षा पालकाखालची माती घातक, आणि ती तुमच्या मुलाच्या नखांत, ओठांवर आणि घरातल्या लादीवर आहे.

हिशेब करून पाहा. समजा, तुमच्या मातीत किलोमागे १००० मिलीग्रॅम शिसं निघालं. बॅटऱ्या फोडण्याच्या जागेलगत हा आकडा अशक्य नाही. खेळतं मूल दिवसाला साधारण १०० मिलीग्रॅम माती आणि धूळ गिळतं, असं धरून जोखीम मोजण्याची पद्धत आहे. तेवढ्या मातीतून १०० मायक्रोग्रॅम (मायक्रोग्रॅम म्हणजे मिलीग्रॅमचा हजारावा भाग) शिसं पोटात जाईल, आणि १०० मिलीग्रॅम म्हणजे चिमूटभरसुद्धा नाही. आता पालेभाजी घ्या. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात पालेभाजीसाठी शिशाची कमाल मर्यादा किलोमागे ०.३ मिलीग्रॅम आहे. बरोबर त्या मर्यादेवरचा पालक मुलाने ५० ग्रॅम खाल्ला, तर १५ मायक्रोग्रॅम. हेही दुर्लक्ष करण्याजोगं नाही, अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने मुलांसाठी अन्नातून येणाऱ्या शिशाचा दिवसाचा संदर्भ आकडा २.२ मायक्रोग्रॅम इतका खाली धरला आहे. पण आधी हात कुठे घालायचा, ते या दोन आकड्यांवरून कळतं.

कॅडमियमची गोष्ट उलटी आहे. ते मुळांतून सहज वर चढतं आणि पालेभाज्यांत साठतं, त्यातही पालक पुढे. धुऊन जात नाही, शिजवून उडत नाही. जळलेल्या वायरींची राख, काही जातींच्या बॅटऱ्या, मुलामा देणाऱ्या कारखान्यांचं सांडपाणी, सुपरफॉस्फेटसारखी खतं, अशा अनेक वाटांनी ते मातीत येतं. नाल्याच्या पाण्यात क्रोमियम आणि निकेल असण्याचीही शक्यता. म्हणून नाल्याचं पाणी आजपासून बंद, त्यासाठी कुठल्याही रिपोर्टची वाट पाहायला नको. उन्हाळ्यात वाफे सुकले तर सुकू द्या.

आता यजमानांच्या रिपोर्टबद्दल. तो खोटा नाही, पण त्याने तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही. मृदा आरोग्य पत्रिकेसाठी जे १२ घटक तपासतात, त्यांत नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज), बोरॉन, सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब येतं. पिकाला काय कमी पडतंय, हे सांगण्यासाठी ती तपासणी आहे. शिसं आणि कॅडमियम त्या यादीतच नाहीत. त्या कागदावर 'जमीन सुपीक' असं आलं असेल तर ते खरंच असेल. सुपीक जमिनीतही शिसं असू शकतं.

तुम्हाला हवी आहे ती वेगळी तपासणी. एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जा आणि मातीतलं एकूण शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, आर्सेनिक मोजून द्या, असं सांगा. 'एकूण' हा शब्द सोडू नका. नमुना घेताना लोक हमखास एक चूक करतात: सगळ्या परसातली माती एकत्र कालवून एकच पिशवी देतात. मग कुंपणालगतची वाईट माती दुसऱ्या टोकाच्या बऱ्या मातीत मिसळते आणि सरासरी आकडा सगळं झाकून टाकतो. तुम्ही निदान तीन पिशव्या करा. एक कुंपणाच्या कडेची. दुसरी मुलगा जिथे खेळतो तिथली, आणि ती फक्त वरच्या दोन इंचांची, कारण तोंडात जाते ती वरचीच. तिसरी वाफ्यांतली, वीतभर खोलीपर्यंतची. प्रत्येक पिशवीसाठी आठ-दहा ठिकाणची थोडी थोडी माती घेऊन मिसळा, पण एका भागातली दुसऱ्या भागात नको. गंजक्या खुरप्याऐवजी प्लास्टिकचा डाव वापरा. बोअरच्या पाण्याचाही नमुना द्या. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलीग्रॅमपेक्षा जास्त शिसं नको.

आकडा आला की काय समजायचं? जिथे कुणी काही सांडलेलं नाही, अशा मातीत किलोमागे साधारण १० ते ५० मिलीग्रॅम शिसं निसर्गतःच असतं. अमेरिकेने मुलांच्या घराभोवतीच्या मातीसाठी धोक्याची खूण कित्येक वर्षं ४०० वर ठेवली होती, ती २०२४ साली २०० वर आणली. मी तुमच्या जागी असते तर शंभराच्या आत निश्चिंत, शंभर ते दोनशे सावध, आणि दोनशेच्या वर मुलाला त्या उघड्या मातीपासून पूर्ण लांब, असा सरळ हिशेब धरला असता.

पण खरी घाई आहे ती मुलाच्या रक्ताची. मातीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना बॅटऱ्यांची पूर्वपीठिका सांगा, कारण न सांगता त्यांना ती कशी कळणार? चिडचिड आणि बद्धकोष्ठता जंतांमुळेही होते, आहारामुळेही, दात येण्यानेही. शिशामुळेही होते. रक्तातल्या शिशाची तपासणी शिरेतून घेतलेल्या रक्तावर करून घ्या. बोट टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरची धूळ मिसळली तर आकडा फुगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेनुसार डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करायचं. शरीरातून धातू काढणारी औषधं मुलांना साधारण ४५ च्या वर देतात, तीही रुग्णालयात, देखरेखीखाली. मधल्या सगळ्या पट्ट्यात उपचार एकच: स्रोत तोडणं आणि आहार सुधारणं. शिशाची अमुक पातळी सुरक्षित, असं मात्र कुणी म्हणत नाही. ५ च्या खाली आलं तरी परसातली कामं करायचीच.

त्याच वेळी हिमोग्लोबिन आणि फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. शरीरात लोह कमी असलं की मुलं माती, भिंतीचा चुना, खडू खातात, हे आपल्याकडे आज्यांनाही ठाऊक असतं. त्यांना ठाऊक नसतं ते पुढचं: लोह कमी असलेलं आतडं शिसं जास्त ओढून घेतं. लहान मुलं तशीही गिळलेल्या शिशापैकी मोठ्यांच्या चौपट-पाचपट शोषतात. म्हणजे लोह कमी म्हणून माती खाल्ली, आणि लोह कमी म्हणून त्या मातीतलं शिसं अंगात जास्त भिनलं. हे चक्र तोडायला डॉक्टरांनी दिलेलं लोहाचं औषध, नाचणी, दूध, कडधान्यं आणि वर लिंबू एवढं पुरेसं असतं. उपाशीपोटी मातीत जाऊ देऊ नका. रिकाम्या पोटी शोषण वाढतं.

पावडरीला एवढा विरोध का, ते सांगते. ती जे काढण्याचा दावा करते ते काढते याला आधार नाही, आणि तिच्यात स्वतःतच काय आहे हे तुम्हाला माहीत नाही. २००४ साली बोस्टन परिसरातल्या दक्षिण आशियाई दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. सगळं आयुर्वेद वाईट, असा याचा अर्थ मुळीच नाही. पण शिशाच्या भीतीने आणलेल्या डब्यातच शिसं निघालं तर काय करणार?

सासूबाईंच्या प्रश्नाकडे वळू. "पंधरा वर्षं खातोय, कुणाला काय झालं?" हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, ताई. बहुतेक विषांच्या बाबतीत तो बरोबरच आहे: खाल्लं आणि काही झालं नाही, तर ठीक आहे. जड धातूंना तो लागू पडत नाही, एवढंच. शिसं रक्तातून महिन्या-दोन महिन्यांत उतरतं, पण हाडांत मुदत ठेवीसारखं दशकानुदशकं पडून राहतं. कॅडमियम मूत्रपिंडात तितकंच चिवटपणे साठतं. जपानमध्ये तोयामा भागात जिंझू नदीच्या काठी हेच घडलं. वरच्या अंगाला कामिओका खाण, तिचं पाणी भातशेतीत, भातात कॅडमियम. मूत्रपिंडं निकामी होऊन हाडं इतकी ठिसूळ व्हायची की खोकल्यानेही मोडायची. रुग्ण बहुतांशी प्रौढ, अनेक बाळंतपणं झालेल्या बायका. इताई-इताई या नावाने ओळखला जाणारा हा आजार प्रदूषणामुळेच होतो, हे जपान सरकारने १९६८ साली मान्य केलं. भातखाचरांची वरची माती बदलण्याचं काम २०१२ पर्यंत चाललं होतं. तुमचं परस म्हणजे जिंझूचं खोरं नव्हे. पण 'अजून काही झालं नाही' याला पुरावा का मानू नये, हे त्या गोष्टीतून कळतं.

शिशाचं तर लहान मुलांत बहुधा काही दिसतच नाही. अभ्यासात लक्ष न लागणं, बुद्ध्यांकात थोडी घट, वागण्यातला हट्ट, हे परसातल्या मातीशी कोण जोडणार? टोकाचं प्रकरण सेनेगलमध्ये झालं. डाकारजवळच्या थियारोय-सुर-मेर वस्तीत जुन्या बॅटऱ्यांचा धंदा चालायचा, लोक माती चाळून शिसं वेचायचे, धूळ घराघरांत गेली. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात १८ मुलं दगावली. तुमच्याकडची परिस्थिती त्याच्या जवळपासही नाही, त्यामुळे हे वाचून रात्री जागू नका. मुलांना शिसं मातीतून आणि धुळीतून मिळतं, भाजी मध्ये असावीच लागत नाही, एवढ्याचसाठी ते सांगितलं.

बाळकृष्णाचं म्हणाल, तर गोकुळात कुणी बॅटऱ्या फोडत नव्हतं. हे सासूबाईंना हसत सांगता येईल.

आणि त्यांच्याशी बोलताना एक करा. 'तुमची भाजी विषारी आहे' या वाक्याने सुरुवात करू नका. पंधरा वर्षं त्यांनी औषध न मारता भाजी पिकवली, त्याचा त्यांना अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. फक्त सेंद्रिय शेती म्हणजे आपण काय घातलं नाही याची हमी, शेजाऱ्याने काय सांडलं याची नव्हे. कीटकनाशक काळाने विघटित होतं. शिसं हे मूलद्रव्य आहे, ते कुजत नाही, गांडुळांनी खाल्लं तरी शिसंच राहतं. बोट शेजारच्या गाळ्याकडे दाखवा, वाफ्यांकडे नको. शक्य असेल तर नमुने त्यांच्या हातानेच गोळा करवा. कुठल्या कोपऱ्यात राख पडायची, पावसाचं पाणी कुंपणाखालून कुठे आत यायचं, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसणार.

उरलेल्या जुड्या विकणं मात्र रिपोर्ट येईपर्यंत थांबवायला हवं. हे तुमच्या पत्रात आलंच नाही, म्हणून मी काढते. आपल्या घरात काय खायचं हा आपला प्रश्न. आळीतल्या एखाद्या गरोदर बाईने विश्वासाने घेतलेली जुडी हा तिचाही प्रश्न आहे. 'यंदा कीड पडलीय' असं काही सांगू नका, 'माती तपासायला दिलीय' एवढंच खरं ते सांगा.

दरम्यान घरात जे करायचं ते फुकटात होतं. चपला उंबऱ्याबाहेर. केरसुणीने कोरडं झाडणं बंद, कारण त्याने धूळ उडते आणि पुन्हा बसते. लादी ओल्या फडक्याने पुसा, फडक्याचं पाणी परसात ओतू नका. जेवणाआधी मुलाचे हात साबणाने, नखं कापलेली. अंगण सारवायला परसातलीच माती घेत असाल, तर ती घेऊ नका, वाळल्यावर तिचीच धूळ होते. दिवाळीतल्या किल्ल्यासाठीही माती बाहेरून आणा. किल्ला म्हणजे आठवडाभर कोपरापर्यंत हात मातीत, आणि वर त्यावर उगवलेले अळीव चाखायचे. उघडी जमीन कुठेच ठेवू नका: जिथे पावलं पडतात तिथे फरशी किंवा खडी, बाकी हरळी नाहीतर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन. माती झाकली की अर्धं काम झालं.

म्हणूनच जेसीबी नको म्हणते. उकरताना जी धूळ उडेल ती घरातच बसेल, आणि उचललेली माती ट्रकवाला कुठे टाकणार? दुसऱ्याच्या परसालगत, किंवा त्याच नाल्यात. आकडा फारच वर आला तर कुंपणालगतचा पट्टा नेमका आखून, माती ओली ठेवून, प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारून काढायची. सरसकट नाही.

भाजी पूर्ण बंद करायचीही गरज नाही, जागा आणि जात बदला. दोडका, कारलं, दुधी, भेंडी, गवार, वांगी, टोमॅटो, शेवगा, म्हणजे जिथे आपण फळ किंवा शेंग खातो, तिथे धातू सगळ्यांत कमी पोचतात. मांडवावर चढणारे वेल तर मातीपासून लांबच. मुळा, गाजर, बीट नकोत, आणि मोरीच्या कडेचं अळू तर रिपोर्ट येईपर्यंत नकोच. सासूबाईंचा पालक-मेथीवर जीव असेल तर विटांची कड करून फूटभर उंच वाफे घाला, तळाला जाड कापड, वर बाहेरची माती. ती 'बाहेरची' कुठली, हे विचारून घ्या. शहरी कचऱ्याचं कंपोस्ट विकत घेत असाल तर पिशवीवरचा तपशील वाचा. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे त्यात किलोमागे शिसं १०० आणि कॅडमियम ५ मिलीग्रॅमच्या वर चालत नाही.

जुन्या मातीत शेणखत भरपूर मिसळा, सेंद्रिय पदार्थ धातूंना धरून ठेवतात. कोकणपट्टीत पाऊस जास्त, माती बहुधा आम्लधर्मी, त्यात तुमच्याकडे बॅटरीचं ॲसिड मुरलेलं. आम्लधर्मी मातीत शिसं-कॅडमियम सुटे होऊन पिकात जास्त जातात. सामू साडेसहाच्या खाली असेल तर चुना घालून सात जवळ आणा. देशावरच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीला ही अडचण सहसा नसते, तिथल्या वाचकांनी उगाच चुना ओतू नये. आणि आर्सेनिक जास्त निघालं असेल तर चुना घालण्याआधी विचारून घ्या, त्याची चाल वेगळी आहे. मोहरी किंवा सूर्यफूल लावून माती साफ करण्याचे व्हिडिओही तुम्ही पाहिले असतील. झाडं धातू ओढतात हे खरं, पण त्याला वर्षानुवर्षं लागतात आणि ती झाडं ना शेळीला घालता येतात, ना जाळता येतात.

रक्तातलं शिसं जास्त आलं आणि मातीत फारसं निघालं नाही, असंही होऊ शकतं. मग घरात शोधा: जुन्या दारं-खिडक्यांचा पोपडे सुटलेला ऑइलपेंट (घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली), सुरमा, भेसळीच्या कथिलाची कल्हई, सुटी, भडक पिवळी हळद. शहरातल्या ज्यांना परस नाही पण लोकलच्या खिडकीतून रुळांकडचे पालकाचे वाफे दिसतात, त्यांनीही पाणी कुठलं हे विचारावं. आणि तिकडे अमेरिकेत, न्यू जर्सीत, १९७८ पूर्वीच्या लाकडी घराच्या भिंतीलगत मेथी पेरणाऱ्यांनी वाफा भिंतीपासून दूर न्यावा, तिथे जुन्या रंगाचं शिसं नेमकं भिंतीच्या पायथ्याशी साचतं.

दुसऱ्या बाळाबद्दल: आधी तुमच्या स्वतःच्या रक्तातलं शिसं आणि हिमोग्लोबिन पाहा. गरोदरपणात हाडांतलं शिसं कॅल्शियमबरोबर रक्तात उतरतं आणि वारेतून बाळापर्यंत जातं. आकडा बरा असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने कॅल्शियम-लोह सुरू करा आणि मनातली धाकधूक बाजूला ठेवा. नसेल तर काही महिने थांबायला डॉक्टर सांगतील.

राहता राहिला शेजारचा गाळा. तो बंद झालाय म्हणून प्रश्न मिटत नाही, तिथली माती तिथेच आहे आणि प्रत्येक पावसात थोडी तुमच्याकडे येतेय. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले आहेत. संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने सहामाही अहवालात द्यायची आणि राज्य प्रदूषण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, अशी त्यात तरतूद आहे. तुमचे तिन्ही नमुन्यांचे आकडे जोडून जिल्हाधिकारी कार्यालयात आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात अर्ज द्या, दोन्हीकडची पोच घ्या. अर्जात भंगारवाल्याला शिव्या नकोत, काय जळायचं, कुठे सांडायचं, साधारण कोणत्या सालापर्यंत, एवढंच लिहा. तिथे उद्या इमारत उभी राहायची असेल तर पाया खणण्याआधी हा कागद फायलीत असला पाहिजे, आणि त्या जागेवर जी बिऱ्हाडं येतील त्यांच्यातही अडीच वर्षांची मुलं असतील.